रंग एक, नावे अनेक : गिनी कोंबडीच्या रंगप्रकारांचा एक अभ्यास

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून कुक्कुटपालनाचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. नेहमीच्या कोंबडीच्या जोडीने बदक, टर्की, बटेर आणि गिनी कोंबडी हे पक्षीही परसात पाळता येतात. त्यांपैकी गिनी कोंबडी विशेष काटक आहे. तिला मोठ्या खुराड्याची गरज नसते, शेतातील किडे व तण-बिया वेचून ती आपले पोट बरेचसे भागवते आणि अनोळखी माणूस किंवा प्राणी दिसताच कर्कश ओरडून घरधन्याला सावध करते. या पक्ष्याच्या पालनाविषयी माहिती देणारे लेख अधूनमधून प्रसिद्ध होतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. या पक्ष्याच्या रंगप्रकारांना पैदासकारांनी दिलेल्या नावांत जो गोंधळ आढळतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

नावांचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण पशुधनाची खरेदी, नोंदणी, वाटप आणि संवर्धन ही चारही कामे अखेर नावावरच चालतात. पुरवठादाराच्या देयकावर जे नाव लिहिले असेल त्याप्रमाणे पैसे दिले जातात, नोंदवहीत जे नाव चढेल त्याप्रमाणे पुढील पिढीची पैदास ठरते. नावच संदिग्ध असेल तर नोंद कितीही नीटनेटकी ठेवली तरी निरुपयोगी ठरते. गिनी कोंबडीचे उदाहरण यासाठी उपयुक्त आहे, कारण येथे गोंधळ कोठून सुरू होतो आणि त्यावर उपाय काय, हे दोन्ही स्पष्टपणे पाहता येते.

जुना वाद

गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेतील. तिला माणसाळविण्याचे कामही त्याच खंडात झाले. प्राचीन ग्रीक व रोमन लोकांना ती परिचित होती. मेलिएगर नावाच्या वीराच्या मृत्यूनंतर शोक करणाऱ्या त्याच्या बहिणींचे पक्षी झाले आणि त्यांच्या आसवांचे ठिपके पिसांवर उमटले, अशी ग्रीक पुराणकथा आहे. या कथेवरून त्या पक्ष्याला ‘मेलियाग्रिस’ म्हणू लागले.

नावाचा वादही तितकाच जुना आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीविषयक ग्रंथ लिहिणारा रोमन पंडित व्हारो याने आफ्रिकी कोंबडी आणि ग्रीकांची मेलियाग्रिस हे एकच पक्षी मानले. पुढच्या शतकात कोलुमेला या दुसऱ्या कृषिलेखकाने त्यांत भेद केला. एकीच्या डोक्यावरील तुरा तांबूस असतो, तर दुसरीचा निळसर, असे त्याने नमूद केले. नुसत्या नावावर न थांबता भेदाची खूण कोणती, हे कोलुमेलाने लिहून ठेवले, म्हणूनच दोन हजार वर्षांनंतरही त्याचे म्हणणे पडताळून पाहता येते. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतील रानटी गिनी कोंबड्यांच्या गलोलींचा रंग आजही तांबडा किंवा निळा असा भिन्न आढळतो.

पुढे युरोपात आणखी एक घोटाळा झाला. अमेरिकेतून आलेल्या मोठ्या पक्ष्याची आणि तुर्कस्तानच्या व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या गिनी कोंबडीची लोकांनी गल्लत केली. त्यातून अमेरिकेच्या पक्ष्याला इंग्रजीत ‘टर्की’ हे नाव चिकटले. फ्रेंचांनी त्यालाच भारताशी नाते सांगणारे नाव दिले, तर पोर्तुगीजांनी ‘पेरू’ म्हटले. १७५८ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने शास्त्रीय नामकरण करताना टर्कीच्या प्रजातीला ‘मेलियाग्रिस’ हे गिनी कोंबडीचे प्राचीन नाव दिले आणि तो घोटाळा कायमचा ग्रंथबद्ध झाला. गिनी कोंबडीचे शास्त्रीय नाव ‘नुमिडा मेलियाग्रिस’ असे आहे. त्यामुळे एकच शब्द एका पक्ष्याच्या पहिल्या नावात व दुसऱ्याच्या दुसऱ्या नावात येतो. आपल्याकडेही असे घडले आहे. उत्तर भारतात काही ठिकाणी गिनी कोंबडीला ‘तितरी’ किंवा ‘चकोर’ म्हणतात. वास्तविक तित्तिर आणि चकोर हे सर्वस्वी वेगळे पक्षी होत.

मान्य प्रकार तीन, नावे अनेक

गिनी कोंबडीचा मूळ रंग करडा असून त्यावर बारीक पांढरे, मोत्यासारखे ठिपके असतात. यास इंग्रजीत ‘पर्ल’ म्हणतात. आपण ‘मोतिया’ म्हणू या. पाळीव अवस्थेत या मूळ रंगात अनेक बदल झाले. अमेरिकेत १८७३ साली स्थापन झालेली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन ही संस्था पाळीव पक्ष्यांच्या जातींची प्रमाणित वर्णने ग्रंथरूपाने प्रसिद्ध करते. त्या प्रमाणग्रंथात गिनी कोंबडीचे तीनच रंगप्रकार मान्य आहेत : मोतिया, लॅव्हेंडर म्हणजे फिकट जांभळट-करडा, आणि पांढरा.

परंतु पैदासकारांच्या विक्रीपत्रकांत ही संख्या तीनावर राहत नाही. रॉयल पर्पल, व्हायोलेट, कोरल ब्लू, स्काय ब्लू, पावडर ब्लू, स्लेट, चॉकलेट, ब्राँझ, बफ, बफ डंडॉट, पोर्सेलीन, ओपलाइन, शॅम्वा अशी नावांची रांगच लागते. यांतील काही नावे खरोखरच वेगळ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या रंगाची आहेत. काही ठिकाणी मात्र एका पैदासकाराचा ‘स्लेट’ दुसऱ्याच्या ‘ब्लू’पासून ओळखू येत नाही, किंवा एकाच नावाखाली दोन ठिकाणी दोन निराळे पक्षी मिळतात. पश्चिम आफ्रिकेतील अभ्यासांत मोतिया, लॅव्हेंडर व पांढरा यांच्या जोडीला ‘काळा’ हा प्रकार सांगितलेला असतो. अमेरिकेतील ‘रॉयल पर्पल’ पक्षीही सावलीत काळाच भासतो. हे दोन्ही एकच की भिन्न, हे केवळ नावावरून कोणालाही सांगता येणार नाही.

भारतात या बाबतीत अधिक शिस्त आढळते. बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने गिनी कोंबडीचे तीन प्रकार प्रसारित केले आहेत. मोतिया रंगाची ‘कादंबरी’, लॅव्हेंडर रंगाची ‘चितांबरी’ आणि पांढरी ‘श्वेतांबरी’. ही नावे एकाच संस्थेने दिली, प्रत्येक नावामागे एक ठरलेला रंग आहे आणि पिल्ले कोठून आली याचा माग त्या संस्थेपर्यंत नेता येतो. नाव काव्यमय असण्यास हरकत नाही, मात्र त्याचा अर्थ निश्चित हवा, हे या उदाहरणावरून दिसते.

गोंधळाची कारणे

पहिले कारण डोळ्यांचे व प्रकाशाचे. पिसांतील काही रंग रंगद्रव्याचे असतात, तर काही केवळ प्रकाशाच्या परावर्तनाने उमटतात. गडद गिनी कोंबडीच्या अंगावरील जांभळी झाक दुसऱ्या प्रकारची आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ती स्पष्ट दिसते, ढगाळ दिवशी नाहीशी होते. ऊन-पावसाने जुनी पिसे विटतात आणि पिसे गळून नवी आली की तोच पक्षी पुन्हा गडद दिसू लागतो. छायाचित्रात तर रंग आणखी बदलतो. छायाचित्र पाहून पक्ष्याचे नाव ठरविणाऱ्याची फसगत होते ती यामुळे.

दुसरे कारण वयाचे. मोतिया जातीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या अंगावर तपकिरी पट्ट्यांची लव असते. त्यानंतर तपकिरी आडव्या रेषांची पिसे येतात. प्रौढ पक्ष्याचे मोत्यासारखे ठिपके साधारणतः दोन-तीन महिन्यांच्या सुमारास स्पष्ट होऊ लागतात. विक्री मात्र बहुधा काही दिवसांच्या पिल्लांचीच होते. त्या वयात एकमेकांशी जवळीक असलेल्या छटा वेगळ्या ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. पिल्लाच्या अंगावर जे नाव लावले जाते, ते बहुतेक वेळा त्याच्या आईबापांवरून लावलेले असते.

तिसरे कारण व्यापाराचे. नवे नाव म्हणजे नवा माल, अशी समजूत असल्याने दुर्मीळ वाटणाऱ्या नावास अधिक किंमत येते. ज्याच्या कळपात किंचित वेगळ्या छटेचा पक्षी निपजतो, तो त्याला नवे नाव देऊन मोकळा होतो. त्या छटेची संतती तशीच होते किंवा नाही, याची परीक्षा करण्यास काही पिढ्या थांबावे लागते. तेवढा धीर सर्वांनाच असतो असे नाही.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण आनुवंशिकतेचे आहे. त्याचा थोडा सविस्तर विचार करणे इष्ट होईल.

दिसणारा रंग आणि दडलेला रंग

शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकात मेंडेलचे वाटाणे आपण सर्वांनी अभ्यासले आहेत. गिनी कोंबडीच्या रंगांनाही तेच नियम लागू पडतात. लॅव्हेंडर रंग अप्रभावी आहे. शुद्ध मोतिया नर आणि लॅव्हेंडर मादी यांचा संकर केला, तर सर्व पिल्ले मोतियाच दिसतात, पण प्रत्येकाच्या ठायी लॅव्हेंडरचा एक घटक दडलेला असतो. अशी दोन पिल्ले मोठी होऊन एकत्र आली, म्हणजे त्यांच्या संततीत सरासरीने चारांत एक पिल्लू लॅव्हेंडर निघते. घरधनी आश्चर्याने म्हणतो, “दोन्ही पक्षी मोतिया घेतले होते, मग हे राखी पिल्लू आले कोठून ?” त्याची फसवणूक झालेली नसते. ‘मोतिया’ या नावाने त्याला फक्त बाहेरचा रंग सांगितला होता, आतला नव्हे.

पांढऱ्या रंगाची गोष्ट याहून वेगळी आहे. पांढरा आणि मोतिया यांच्या संकरातून जी पिल्ले होतात, ती ना पूर्ण पांढरी, ना पूर्ण मोतिया. त्यांच्या छातीवर व पंखांच्या टोकाकडील पिसांवर पांढरे पट्टे येतात. इंग्रजीत अशा पक्ष्यास ‘पाइड’ म्हणतात. आपल्या बोलीत त्याला बांडा म्हणता येईल. दोन बांड्या पक्ष्यांची जोडी जमविली तर २० पिल्लांमागे सरासरीने ५ पांढरी, १० बांडी आणि ५ मोतिया असा हिशेब येतो. प्रत्यक्ष एखाद्या घाण्यात आकडे थोडे मागेपुढे होतात, पण मोठ्या संख्येत प्रमाण हेच राहते. बांड्यापासून केवळ बांडीच संतती कधीच मिळत नाही.

आता समजा, एखाद्या बचत गटाने हा रंग आवडला म्हणून ‘बांडी जात’ या नावाने पिल्ले विकत घेतली आणि पुढील वर्षी त्याच जातीची पिल्ले पुरविण्याचे गिऱ्हाइकांना वचन दिले. निम्मी पिल्ले वेगळ्याच रंगाची निघतील. गिऱ्हाईक गटावर रोष धरील आणि गट विक्रेत्यावर. वास्तविक दोष नावाचा आहे. जो रंग केवळ संकराचा परिणाम आहे त्याला ‘जात’ म्हटल्यामुळे हा प्रसंग ओढवला. म्हणून कोणत्याही रंगनामासंबंधी पहिला प्रश्न असा विचारावा की, हे नाव स्वतःसारखी संतती देणाऱ्या प्रकाराचे आहे, की एका संकराच्या फळाचे ?

ठिपक्यांच्या बाबतीतही हेच तारतम्य हवे. अंगभर ठिपके, फक्त कुशीवर ठिपके आणि ठिपक्यांचा अभाव अशा तीन अवस्था आढळतात. मोतियात ठिपके अंगभर असतात. रॉयल पर्पलमध्ये ते मुख्यतः कुशीवर राहतात. व्हायोलेटमध्ये जवळजवळ नसतात. अर्थात मूळ रंग व ठिपक्यांची व्याप्ती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दोहोंना मिळून एकच लाडके नाव दिले की कोणता गुण कोणत्या घटकामुळे आला, हे समजेनासे होते. याच दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या तर डझनावारी नावांचा गुंता बराचसा आपोआप उलगडतो.

आपल्या गोठ्यातील उदाहरण

हा प्रकार परदेशी पक्ष्यापुरता मर्यादित आहे, असे मात्र समजू नये. मराठवाड्यातील लातूर परिसरात व लगतच्या बीदर भागात प्रसिद्ध असलेल्या देवणी जातीच्या गाई-बैलांचे रंगावरून तीन प्रकार सांगितले जातात : वानेरा, बालंक्या आणि शेवरा. वानेरा म्हणजे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळसर. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके. यालाच काही ठिकाणी वाघ्या असेही म्हणतात. बालंक्याचे वर्णन कोठे ‘पूर्ण पांढरा’ असे आढळते, तर कोठे ‘पांढरा, पण शरीराच्या खालच्या बाजूस काळे ठिपके असलेला’ असे आढळते. नावे जुनी व अर्थपूर्ण आहेत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी आजही जिवंत आहेत. परंतु दोन नोंदणी करणारे दोन गावी गेले आणि प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे ‘बालंक्या’ लिहिले, तर त्यांची बेरीज करून निघणारा आकडा कशाचा, हे सांगणे कठीण होईल.

१९८४ साली स्थापन झालेली, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था देशातील पशुपक्ष्यांच्या जातींची नोंदणी करते. अशा नोंदणीत जातीचे नाव, तिचा मूळ प्रदेश, तिची शारीरिक लक्षणे व उपयोग या सर्वांचे वर्णन मागितले जाते ते याचसाठी. वर्णनाशिवाय नाव नोंदविणे म्हणजे चतुःसीमा न लिहिता जमिनीचे खरेदीखत करण्यासारखे आहे.

उपायाचा मार्ग

रंगांच्या नावांना शिस्त लावण्याचे काम निसर्गअभ्यासकांनी पूर्वीच हाती घेतले होते. पॅट्रिक साइम या स्कॉटिश चित्रकाराने १८१४ साली रंगांचे नमुने व त्यांची नावे यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘बीगल’ जहाजावरील प्रवासात चार्ल्स डार्विनने त्याचा उपयोग केला. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील पक्षितज्ज्ञ रॉबर्ट रिजवे याने १९१२ साली १,११५ रंगांचे नमुने नावांसह प्रसिद्ध केले. पक्ष्यांची वर्णने करताना प्रत्येकाचा ‘तपकिरी’ वेगळा असतो, हा अनुभव त्याच्या कार्यामागे होता. मृदा सर्वेक्षणात मातीचा रंग मुन्सेल तक्त्याशी ताडून अंकांत लिहिण्याची पद्धत कृषी खात्यातील वाचकांना ठाऊक असेलच. सर्वत्र तत्त्व एकच आहे. नाव कोणतेही असो, त्याच्या शेजारी सर्वांना पाहता येईल असा नमुना किंवा वर्णन असले पाहिजे.

गावपातळीवर यासाठी महागडे तक्ते लागत नाहीत. गिनी कोंबडी किंवा अन्य पक्षी खरेदी करताना, वाटप करताना वा नोंदविताना पुढील सहा गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ काम होईल.

१. अंगाचा मूळ रंग साध्या मराठी शब्दांत : करडा, फिकट राखी, तपकिरी, पिवळसर, पांढरा इत्यादी.

२. ठिपके : अंगभर, फक्त कुशीवर, की मुळीच नाहीत.

३. पांढरे पट्टे : असल्यास शरीराच्या कोणत्या भागावर.

४. पाहणीच्या वेळचे वय. तीन महिन्यांच्या आतील पिल्लांच्या रंगाची नोंद तात्पुरती समजून ती पुढे पुन्हा तपासावी.

५. आईबापांचा रंग आणि पिल्ले जेथून आणली ते केंद्र.

६. विक्रेत्याने सांगितलेले नाव. हे नाव अवश्य लिहावे, पण सर्वांत शेवटी.

शेवटचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. प्रचलित नावे पुसून टाकावीत, असे येथे सुचवावयाचे नाही. नावांत लोकांचा अनुभव साठविलेला असतो. फक्त नावाने वर्णनाची जागा घेऊ नये, एवढेच अभिप्रेत आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रंगाच्या नावाने उत्पन्नाची हमी मिळत नाही. इज्जतनगरच्या संस्थेने आपल्या गिनी कोंबड्यांविषयी दिलेल्या माहितीनुसार पहिले अंडे साधारण २३० ते २५० दिवसांच्या वयात मिळते आणि मार्च ते सप्टेंबर या अंडी देण्याच्या हंगामात १०० ते १२० अंडी मिळतात. पिल्ले विकणाऱ्याकडे असे आकडे मागावेत. ज्याच्यापाशी केवळ आकर्षक नाव आहे आणि वाढीची, अंड्यांची वा उबवणीची नोंद नाही, त्याला दुर्मीळ नावापोटी जादा दर देण्याचे कारण नाही.

शिक्षकांना तर हा विषय वर्गाबाहेरील उत्तम पाठ ठरू शकेल. गावातील कोंबड्यांचे व गुरांचे रंग घरोघर कोणत्या शब्दांनी ओळखले जातात, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. मग एकच कोंबडी वा गाय चार घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवून तिचा रंग त्यांना विचारावा. उत्तरांत किती फरक पडतो, ते मुले स्वतःच पाहतील. नामकरण, निरीक्षण व आनुवंशिकता हे तीन धडे त्यातून एकत्र शिकविता येतील आणि लोप पावत चाललेले कितीतरी रंगवाचक शब्दही वहीत उतरतील.

व्हारो आणि कोलुमेला यांचे मतभेद आज आपल्याला समजतात, कारण त्यांपैकी एकाने तुऱ्याचा रंग लिहून ठेवला होता. आपण आज जी नोंद करू, ती वाचणारा माणूस कदाचित वीस-पंचवीस वर्षांनी येईल. त्या वेळी तो कळप नसेल, विक्रेता नसेल आणि नाव ठेवणाराही नसेल. नोंदवहीतील वर्णनाच्या दोन ओळी तेवढ्या उरतील. त्या ओळी स्पष्ट लिहिणे हे खर्चाचे काम नव्हे, दक्षतेचे आहे. आणि ही दक्षता प्रत्येक गावात, प्रत्येक दप्तरात बाळगता येण्यासारखी आहे.